इंग्रजी ‘टेक’चे अर्थ आणि समानार्थी शब्द: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

इंग्रजी शिकायला लागलं की ‘टेक’ अगदी सुरुवातीलाच भेटतो. शब्दकोशात त्याच्यासमोर ‘घेणे’ असं लिहिलेलं असतं. आपण ते पाठ करतो आणि पुढे जातो. मग एक दिवस ‘इट टेक्स टू अवर्स’ हे वाक्य समोर येतं. दोन तास कोण घेतंय, कोणाकडून घेतंय, काही पत्ता लागत नाही. पुढे ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’ येतं आणि ‘ती आईनंतर घेते’ असलं काहीतरी वहीत लिहिलं जातं.

इथे डोकं कमी पडत नाही, पद्धत चुकते. ‘टेक’चा अर्थ ‘टेक’मध्ये शोधायचाच नाही. तो त्याच्या पुढच्या शब्दात शोधायचा. पुढे औषध आहे, वेळ आहे, फोटो आहे की परीक्षा आहे, ते आधी बघायचं आणि मग मराठीत त्या गोष्टीला कोणतं क्रियापद शोभतं ते आठवायचं. समानार्थी शब्दांचंही तेच. आधी अर्थ ठरला पाहिजे, पर्याय त्यानंतर. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी 1: रूपं आणि मूळ

रूपं थोडीच आहेत: टेक, टेक्स, टेकिंग, टुक, टेकन. भूतकाळात शेवटी ‘एड’ लावून रूप होत नाही. ‘टुक’मधला उ ऱ्हस्व, ‘बुक’मधल्यासारखा. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ आले की पुढे ‘टेकन’च येतो. ‘आय हॅव टुक’ हे चूक, ‘आय हॅव टेकन’ हे बरोबर. याच चालीवर शेक-शुक-शेकन, मिस्टेक-मिस्टुक-मिस्टेकन, अंडरटेक-अंडरटुक-अंडरटेकन जातात. एक घोकलं की बाकीची फुकटात मिळतात.

मुळाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याने अर्थ जोडायला मदत होते. हा शब्द अस्सल इंग्रजी नाही. इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून तो आला. तिथे तो ‘ताका’ होता आणि त्याचा अर्थ पकडणे, हातात धरणे. त्याआधी इंग्रजीत याच कामासाठी ‘निमन’ हे क्रियापद होतं, आजच्या जर्मन ‘नेमेन’चं भावंड. ‘टेक’ने त्याला हळूहळू हद्दपार केलं. त्याची खूण ‘नम्ब’ या शब्दात उरली आहे. नम्ब म्हणजे बधिर, मुळात ज्याची जाणीव ‘घेतली गेली’ आहे असा.

तेव्हा ‘टेक’चा गाभा आहे हाताने पकडणे. हाताने पकडलं की वस्तू आपली होते, ती दुसरीकडे नेता येते, आणि हाताने धरतो तसं मनानेही धरता येतं. मराठीतही आपण हाताने धरतो आणि गृहीतही ‘धरतो’. बहुतेक अर्थ याच वाटेने फुटले आहेत.

पायरी 2: पुढचं नाम बघा, मग मराठी क्रियापद निवडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या.

आधी सोपा गट. काही ठिकाणी ‘घेणे’ जसंच्या तसं बसतं: टेक मेडिसिन, टेक अ डिसिजन, टेक रिव्हेंज, टेक शेल्टर, टेक रिस्पॉन्सिबिलिटी, टेक ॲन ओथ. औषध, निर्णय, सूड, आसरा, जबाबदारी, शपथ, सगळं आपणही घेतोच. ‘टेक लीव्ह’ म्हणजे रजा घेणे आणि ‘टेक लीव्ह ऑफ समवन’ म्हणजे कोणाचा निरोप घेणे, इथेही दोन्हीकडे घेणेच. ‘टेक ॲडव्हान्टेज’ म्हणजे फायदा घेणे. मराठीत संधीचाही फायदा घेतात आणि कोणाच्या भोळेपणाचाही. इंग्रजीत अगदी तसंच आहे. पुढे माणूस आला की अर्थ बहुधा वाईट, संधी किंवा सवलत आली की चांगला.

‘टेक केअर’ इथे मात्र जरा थांबा. मराठीत काळजी ‘घेणे’ वेगळं आणि काळजी ‘करणे’ वेगळं. टेक केअर म्हणजे काळजी घेणे, सांभाळणे. काळजी करणे म्हणजे ‘वरी’. ‘माझी काळजी करू नकोस’ हे ‘डोन्ट टेक केअर ऑफ मी’ असं केलं, तर ‘मला सांभाळू नकोस’ असा भलताच अर्थ निघतो. तिथे ‘डोन्ट वरी अबाउट मी’ हवं.

आता जिथे ‘घेणे’ बसत नाही ते गट.

लागणे. वेळ, मेहनत, धीर, पैसा, माणसं असं काही पुढे आलं की ‘टेक’ म्हणजे लागणे. ‘इट टेक्स टू अवर्स’ म्हणजे दोन तास लागतात. ‘इट टेक्स करेज’ म्हणजे त्याला धैर्य लागतं. कोणाला वेळ लागला ते सांगायचं असेल तर ते नाम किंवा सर्वनाम ‘टेक’ला लागूनच येतं: ‘इट टुक मी थ्री डेज’, मला तीन दिवस लागले. मराठीतल्या ‘मला’कडे बघून मध्ये ‘टू’ घालायचा मोह होतो. घालू नका.

देणे. होय, अगदी उलट क्रियापद. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. ‘आय गेव्ह माय एक्झाम’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, पण बाहेरच्या माणसाला ते ऐकून तुम्हीच परीक्षक वाटाल. ‘आय टुक द एक्झाम’ म्हणा. ब्रिटिश बोलण्यात ‘सिट ॲन एक्झाम’ही चालतं. तास घेण्याचा घोळ असाच आहे. ‘आय ॲम टेकिंग अ क्लास’ हे अमेरिकन माणूस ‘मी शिकायला जातो’ या अर्थाने बोलतो आणि तसंच ऐकतो. ब्रिटिश बोलण्यात शिक्षक शिकवतो त्यालाही ‘टेक’ वापरतात. संदिग्धता नको असेल तर शिकवणाऱ्याने ‘टीच’ वापरावं, प्रश्नच मिटतो.

काढणे. फोटो, नोट्स, रक्ताचा नमुना. ‘टेक अ फोटो’, ‘टेक नोट्स’, ‘टेक ब्लड’. मराठीत या तिन्ही गोष्टी आपण काढतो. टेम्परेचर मात्र मोजतो किंवा बघतो, पण इंग्रजीत तेही ‘टेक’च.

नेणे, सोडणे. ‘टेक द चाइल्ड टू स्कूल’ म्हणजे मुलाला शाळेत नेणे किंवा सोडणे. इथे ‘टेक’ची जोडी ‘ब्रिंग’शी आहे. बोलणाऱ्यापासून दूर जातं ते टेक, बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे येतं ते ब्रिंग. मराठीत नेणे-आणणे हा फरक आपल्या अंगवळणी पडलेला आहे, तोच इथे लावा. ‘घेऊन जा’ म्हणावंसं वाटलं तर टेक, ‘घेऊन ये’ म्हणावंसं वाटलं तर ब्रिंग.

करणे. टेक अ लुक, टेक अ वॉक, टेक अ बाथ, टेक ॲक्शन. इथे टेक जवळजवळ रिकामा असतो, खरा अर्थ पुढच्या नामात असतो. बघणे, फिरणे, अंघोळ करणे, कारवाई करणे असं सरळ म्हणायचं. काही नामांबरोबर ब्रिटिश लोक टेकऐवजी ‘हॅव’ वापरतात: अमेरिकेत टेक अ बाथ, ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा हॅव अ बाथ. निर्णयाच्या बाबतीत अमेरिकेत ‘मेक अ डिसिजन’ आणि ब्रिटनमध्ये ‘टेक अ डिसिजन’ही चालतं. यात बरोबर-चूक काही नाही, फक्त एका लिखाणात एकच धरून ठेवा.

सोसणे. ‘आय कान्ट टेक इट एनीमोअर’ म्हणजे आता सहन होत नाही. ‘ही कान्ट टेक अ जोक’ म्हणजे त्याला चेष्टा सहन होत नाही. हा अर्थ बहुतेक वेळा नकारासोबत येतो, तेव्हा आधी ‘कान्ट’ दिसला की सावध व्हा.

समजणे, धरून चालणे. ‘आय टेक इट यू आर रेडी’ म्हणजे तुम्ही तयार आहात असं मी धरून चालतो. ‘ही टुक मी फॉर माय ब्रदर’ म्हणजे तो मला माझा भाऊच समजला. ‘टेक समथिंग फॉर ग्रँटेड’ला आपल्याकडे ‘गृहीत धरणे’ हा नेमका जोड आहे, आणि ‘टेक इट सिरीयसली’ला बहुतेक वेळा ‘मनावर घेणे’ चालतं.

मावणे, चालणे. ‘द हॉल टेक्स फाइव्ह हंड्रेड पीपल’, सभागृहात पाचशे माणसं मावतात. ‘द मशीन टेक्स ओन्ली कॉइन्स’, यंत्राला फक्त नाणीच चालतात.

राहिलेल्या जोड्या एकेकट्या आहेत, त्या जशा भेटतील तशा टिपून ठेवा. टेक रूट म्हणजे मूळ धरणे, टेक शेप म्हणजे आकार घेणे, टेक टर्न्स म्हणजे पाळीपाळीने करणे, टेक ऑफेन्स म्हणजे वाईट वाटून घेणे, टेक इफेक्ट म्हणजे नियमाच्या बाबतीत लागू होणे आणि औषधाच्या बाबतीत गुण येणे. आणि गणितात ‘टेक फोर फ्रॉम टेन’ म्हणजे दहातून चार वजा करा.

‘टेक प्लेस’बद्दल स्वतंत्र इशारा. याचा अर्थ घडणे, पार पडणे. ‘द मीटिंग टुक प्लेस यस्टरडे’ हे बरोबर. मराठीत आपण ‘सभा घेतली गेली’ म्हणतो म्हणून ‘द मीटिंग वॉज टेकन प्लेस’ लिहिलं जातं, ते साफ चूक आहे. या जोडीचा कर्मणी प्रयोग होत नाही. मध्ये कोणाचं नाव आलं की अर्थच बदलतो: ‘टेक समवन्स प्लेस’ म्हणजे कोणाच्या तरी जागी येणे.

‘टेकन’चा एक रोजचा उपयोगही इथेच शिकून घ्या. रिकाम्या खुर्चीकडे बोट करून कोणी विचारतं, ‘इज दिस सीट टेकन?’ म्हणजे इथे कोणी आहे का? जागा मोकळी असेल तर उत्तर ‘नो’. आपुलकीने हसून ‘येस, येस’ म्हटलंत तर समोरचा माणूस माफी मागून निघून जाईल. हाच प्रश्न ‘इज दिस सीट फ्री?’ असा आला तर मात्र ‘येस’ म्हणायचं.

पायरी 3: मागून येणारा छोटा शब्द

टेकच्या मागून ऑफ, अप, ऑन, ओव्हर, आफ्टर असा एखादा छोटा शब्द आला की पूर्ण जोडीला एक शब्द समजा. तुकडे करून अर्थ लावू नका.

‘टेक ऑफ’चे दोन अर्थ लगेच लागतात: विमानाने उड्डाण करणे आणि अंगावरचे कपडे, बूट, चष्मा काढणे. ‘टेक ओव्हर’ म्हणजे सूत्रं हाती घेणे. ‘टेक ऑन’ म्हणजे काम अंगावर घेणे. ‘टेक अप’ म्हणजे छंद किंवा विषय सुरू करणे, आणि ‘टेक इट अप विथ समवन’ म्हणजे तो मुद्दा कोणाकडे तरी मांडणे. ‘टेक बॅक’ म्हणजे परत घेणे किंवा परत नेणे, शब्द मागे घेणेसुद्धा. ‘टेक डाउन’ म्हणजे उतरवून घेणे, भिंतीवरचं चित्रही आणि कोणी सांगितलेला पत्ताही. ‘टेक इन’ म्हणजे आसरा देणे, ऐकलेलं डोक्यात शिरणे, आणि सैल कपडा आत घेणे. ‘टेक आफ्टर’ म्हणजे रूपाने किंवा स्वभावाने कोणावर तरी जाणे. ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’, ती आईवर गेली आहे.

यात व्याकरणाचा एक नियम आहे. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे इट, देम, हिम असं काही, तर ते बहुतेक जोड्यांत मध्ये येतं: ‘टेक इट ऑफ’, ‘टेक देम बॅक’. ‘टेक ऑफ इट’ चालत नाही. पूर्ण नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘टेक ऑफ युअर शूज’ किंवा ‘टेक युअर शूज ऑफ’. ‘टेक आफ्टर’ मात्र फुटत नाही. ‘टेक्स आफ्टर हर’ असंच म्हणायचं.

पायरी 4: समानार्थी शब्द अर्थानुसार निवडा

समानार्थी शब्दांच्या यादीत टेकसमोर पन्नास शब्द दिसतील. पूर्ण यादी पाठ करणं वाया जातं, कारण त्यातले सीझ (जोराने पकडणे) आणि स्वॅलो (गिळणे) एकमेकांचे समानार्थी नाहीतच. ते टेकच्या वेगवेगळ्या अर्थांचे शेजारी आहेत. डॉक्टर असलेल्या पीटर मार्क रॉजे यांनी 1852 मध्ये आपला थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, छापला, तो अक्षरक्रमाने न लावता अर्थांच्या गटांनी लावला होता. तुमची वहीसुद्धा तशीच लावा: वर अर्थ, खाली शब्द.

हाताने घेण्याचा गट घेऊ. ‘टेक’ इथे सर्वात सपाट आहे. कसं घेतलं, कोणाचं घेतलं, काही सांगत नाही. ‘ग्रॅब’ म्हणजे घाईने पकडणे. ‘स्नॅच’ म्हणजे हिसकावणे. ‘सीझ’मध्ये जोर आहे, आणि पोलीस किंवा सरकार करतं तेव्हा त्याचा अर्थ जप्त करणे. ‘कन्फिस्केट’लाही अधिकार लागतो, शिक्षक विद्यार्थ्याचा फोन कन्फिस्केट करतात, विद्यार्थी शिक्षकांचा करत नाही. ‘स्टील’ म्हणजे चोरणे. ‘ही टुक माय पेन’ असं म्हटलं तर त्याने चोरलं असा आरोप होत नाही, कदाचित चुकून नेलं असेल. ‘ही स्टोल माय पेन’ म्हटलं की आरोप झाला. हा फरक जपून वापरा, त्यावरून माणसं दुखावतात. ‘होल्ड’ या गटात टाकतात, पण ते धरून ठेवणे आहे. टेक एका क्षणात होतं, होल्ड चालू राहतं.

दिलेलं घेणे हा वेगळा गट. ‘रिसीव्ह’ म्हणजे मिळणे, त्यात तुम्ही काही केलेलं नसतं. ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे होकार देऊन स्वीकारणे. पत्र रिसीव्ह होतं, आमंत्रण ॲक्सेप्ट करतात. ‘आय रिसीव्ड द ऑफर’ म्हणजे प्रस्ताव हातात पडला, घ्यायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही. ‘आय टुक द ऑफर’ आणि ‘आय ॲक्सेप्टेड द ऑफर’ या दोन्हींत होकार आहे, दुसरं जास्त औपचारिक.

वेळेच्या गटात ‘रिक्वायर’, ‘नीड’ आणि ‘लास्ट’ येतात. लास्टवर नजर ठेवा. सिनेमा दोन तास चालतो, तिथे ‘लास्ट्स’. प्रवासाला दोन तास लागतात, तिथे ‘टेक्स’. मराठीत चालणे, टिकणे म्हणत असाल तर लास्ट, लागणे म्हणत असाल तर टेक. ‘रिक्वायर’ अर्थाने जवळचा आहे पण त्याची वाक्यरचना वेगळी. ‘इट टुक मी टू अवर्स’ हे ठीक, ‘इट रिक्वायर्ड मी टू अवर्स’ हे नाही. म्हणून पर्याय मनात आला की तो मूळ वाक्यात ठेवून पूर्ण वाक्य एकदा मोठ्याने वाचा. वाक्य मोडत असेल तर तो पर्याय त्या जागेचा नाही.

सोसण्याच्या गटात ‘स्टँड’ बोलीतला, ‘टॉलरेट’ म्हणजे खपवून घेणे, ‘एन्ड्युअर’ म्हणजे बराच काळ सोसत राहणे, ‘बेअर’ थोडा जुन्या वळणाचा. औषधाच्या गटात ‘स्वॅलो’ फक्त गिळायच्या गोष्टींना चालतो. नेण्याच्या गटात ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणे, ‘लीड’ म्हणजे पुढे चालून वाट दाखवणे, ‘एस्कॉर्ट’ म्हणजे सोबत करणे. गृहीत धरायला ‘अझ्यूम’, वजाबाकीला ‘सबट्रॅक्ट’, काढून टाकायला ‘रिमूव्ह’.

नाम म्हणून येणारा ‘टेक’ थोडक्यात सांगतो. चित्रीकरणात एका वेळी कॅमेऱ्याने टिपलेला तुकडा म्हणजे टेक. ‘व्हॉट्स युअर टेक ऑन दिस?’ म्हणजे यावर तुमचं म्हणणं काय. हा दुसरा उपयोग अनौपचारिक आहे, अर्जात किंवा अहवालात ‘ओपिनियन’ किंवा ‘व्ह्यू’ लिहा.

पायरी 5: एका मजकुरावर हात बसवा

समजा कार्यालयातून असा निरोप आला आहे:

‘आय विल टेक द ड्राफ्ट होम टुनाइट. इट मे टेक थ्री डेज टू फिनिश. प्लीज टेक अ लुक ॲट पेज फोर. आय टेक इट दॅट द मीटिंग विल टेक प्लेस ऑन मंडे. इफ नॉट, लेट मी नो अँड आय विल टेक इट अप विथ द मॅनेजर.’

सहा वेळा टेक, आणि मराठीत सहा वेगळी क्रियापदं. मी मसुदा आज घरी नेतो. पूर्ण करायला तीन दिवस लागतील बहुतेक. चौथं पान जरा बघा. बैठक सोमवारी होणार असं मी धरून चालतो. तसं नसेल तर कळवा, मी व्यवस्थापकांकडे विषय काढतो. नेणे, लागणे, बघणे, धरून चालणे, होणे, विषय काढणे. एकदाही ‘घेणे’ आलं नाही.

आता हाच निरोप वरिष्ठांना पाठवायचा आहे आणि भाषा थोडी औपचारिक हवी आहे. ‘टेक अ लुक ॲट’च्या जागी ‘रिव्ह्यू’ येईल. ‘आय टेक इट’च्या जागी ‘आय अझ्यूम’. ‘टेक प्लेस’च्या जागी ‘बी हेल्ड’, आणि इथे कर्मणी प्रयोग आपोआप आला, कारण हेल्डला तो चालतो. ‘टेक इट अप विथ’च्या जागी ‘रेज इट विथ’. पहिली दोन वाक्यं मात्र हलवू नका. ‘टेक होम’ला कॅरी लावलं तर मसुद्याचं ओझं वाटेल, आणि ‘टेक थ्री डेज’ हे सर्वात औपचारिक पत्रातही असंच लिहितात.